प्रबंधाचे आराखडे वाचताना
आज दिवसभर क्रिमिनॉलॉजीच्या एम.ए.चे प्रबंध-आराखडे वाचले. निम्म्यांचा विषय कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून सुरू असताना तुरुंगात असलेले. विषय मोलाचाच आहे, पण पाया कच्चा राहतो.

अशा कैद्यांच्या सुटकेसाठी १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ४३६-अ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आलं. आधी कधीही दोषी न ठरलेल्याला त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर सुटका, इतरांना निम्म्यानंतर. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेला गुन्हा यात बसत नाही. एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असले तरी लाभ नाही, आणि नेमकं हेच पोटकलम बहुतेकांनी सोडलंय! मग ‘पात्र’ कैद्यांचा आकडा फुगतो.

दुसरी चूक एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, आकड्यांची. एका एफआयआरमध्ये खून आणि चोरी दोन्ही असतील, तर मोजला जातो फक्त खून. शिवाय ते नोंदलेले गुन्हे, घडलेले नव्हेत. एखाद्या जिल्ह्यात आकडा वाढला तो कदाचित पोलीस तक्रार नीट घेऊ लागले म्हणूनही.

आणि कृपा करून तुरुंगातल्या मुलाखतींचा अर्ज पहिल्याच सत्रात पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडे पाठवा. सोबत विभागाचं पत्र, प्रश्नावली, संमतिपत्राचा मराठी नमुना. परवानगी लांबली तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरचे जामीन आदेश वाचूनही उत्तम प्रबंध होतो.