एक्सपीला प्रिंटर दिसंना

दिवाळीच्या आधीची गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेतून सचिवांचा फोन आला, "दादा, प्रिंटर जोडलाय पण कॉम्प्युटरला दिसंना बघ, आणि उद्या सकाळी फरक बिल वाटायचंय." फरक बिल म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधाच्या दरातला फरक, दिवाळीच्या तोंडावर हातात येतो, पोरांचे कपडे, किराणा सगळं त्याच्यावर अडलेलं असतं, त्यामुळं उद्या बघू म्हणायचा प्रश्नच नव्हता, गाडी काढली आणि निघालो.

संस्थेत विंडोज एक्सपीचं जुनं मशीन, त्यावर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधलं, डॉसवर (विंडोजच्या आधीची सिस्टीम) चालणारं हिशोबाचं सॉफ्टवेअर. पावसाळ्यात वीज पडली तेव्हा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि मदरबोर्डावरचा पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची केबल लावायची जागा) दोन्ही गेले होते, म्हणून नवीन एप्सन एलएक्स-३१० आणलेला, त्याला यूएसबी पण असतं. माझ्या आधी एकजण येऊन सांगून गेला होता की एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच बंद झालाय, मशीन बदला. मला हे अजिबात पटत नाही. नवीन मशीनवर ६४ बिटचं विंडोज येतं, त्यावर १६ बिटचा डॉस प्रोग्राम सरळ चालतच नाही, मग एका रात्रीत एवढ्या सभासदांचा हिशोब कुठं हलवणार?

डिव्हाईस मॅनेजर उघडला तर अदर डिव्हायसेसखाली पिवळं प्रश्नचिन्ह. म्हणजे मशीनला काहीतरी जोडलंय एवढं कळत होतं, पण ते प्रिंटर आहे हे कळत नव्हतं. केबल बदलली, पोर्ट बदलला, ड्रायव्हर काढून परत टाकला, तासभर गेला. मग डोक्यात आलं की यूएसबी प्रिंटरसाठी एक्सपीकडे स्वतःच्याच फाइली असतात, त्या तरी आहेत का बघू. गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे एक एक्सपी होतं, तिथं जाऊन विंडोजमधला आयएनएफ फोल्डर, म्हणजे कुठलं उपकरण कसं बसवायचं हे सांगणाऱ्या फाइलींचा, उघडला तर यूएसबीप्रिंट डॉट आयएनएफ दिसली, संस्थेच्या मशीनमध्ये नव्हतीच! कुणीतरी मागं काटछाट केलेल्या सीडीवरून विंडोज टाकलं होतं, जागा वाचवायला प्रिंटरच्या फाइली उडवलेल्या. एवढी वर्षं पॅरलल पोर्टवर काम चालत होतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ती आयएनएफ, यूएसबीप्रिंट डॉट एसवायएस आणि यूएसबीमॉन डॉट डीएलएल, तिन्ही आणून जागच्या जागी टाकल्या, केबल काढून परत लावली, आणि पोर्टच्या यादीत यूएसबी००१ आला. सचिवांना वाटलं झालं काम.

पण डॉसला यूएसबी माहीतच नाही, त्याला एलपीटी१, म्हणजे पॅरलल पोर्टच लागतो. मग प्रिंटर जेनेरिक टेक्स्ट ओन्ली (नुसती अक्षरं छापणाऱ्या) ड्रायव्हरवर घेतला, नेटवर्कवरून वापरता येईल असा शेअर केला आणि नेट यूज कमांडनं एलपीटी१ त्या शेअरला जोडायला गेलो तर एरर, नेटवर्क सापडत नाही. बरोबरच होतं, संस्थेत इंटरनेट नाही, लॅनची केबल नाही, आणि केबल नसली की एक्सपी नेटवर्क बंद करून टाकतं. तिथं लूपबॅक अडॅप्टर टाकावा लागतो, खोटं नेटवर्क कार्ड म्हणा, म्हणजे मशीन स्वतःशीच बोलायला लागतं. तो टाकला, कमांड परत दिली, यावेळी घेतली.

आधी नुसती फाइलींची यादी एलपीटी१ ला पाठवली. दोन सेकंद शांत. मग हेड हललं आणि करकर करत भोकाचा कागद वर सरकायला लागला, तो आवाज ऐकून बाहेर ओट्यावर बसलेली माणसं आत आली. पहिलं बिल आलं तसं सचिवांनी ते ट्यूबखाली धरलं, बोट फिरवत लिटर, फॅट, दर, रक्कम सगळे कॉलम तपासले, कार्बनची खालची कॉपी पण उलटून बघितली, आणि मला म्हणाले, "च्या सांगतो, बस."

रात्री दोनपर्यंत बिलं निघत होती, मी तिथंच थांबलो, मधे एकदा कागद तिरका झाला तेवढाच. नेट यूजची ओळ बॅच फाइलमध्ये घालून स्टार्टअपला ठेवली, म्हणजे मशीन बंद करून चालू केलं तरी जोडणी टिकेल. त्या तीन फाइली आणि संस्थेच्या डेटाचा बॅकअप एका पेन ड्राइव्हमध्ये घेऊन, वर चिठ्ठी चिकटवून सचिवांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.