अझुसा स्ट्रीटची गेलेली यादी आणि मेम्फिसमधलं पुठ्ठ्याचं खोकं

लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियो भागात अझुसा स्ट्रीट नावाचा एक बोळ आहे. दोन इमारतींमधून आत शिरलं की पुढे जपानी-अमेरिकन सांस्कृतिक केंद्राचं दगडी पटांगण लागतं आणि बोळ तिथेच संपतो. विल्यम सीमोर या पाळकांच्या सभा जिथे होत ती ३१२ नंबरची इमारत १९३१ सालीच पाडली गेली. उरलाय तो रस्त्याच्या नावाचा फलक आणि एक स्मृतिपाटी. जगभरच्या पेन्टेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या, ख्रिस्ती मंडळ्या जिथून आपली वंशावळ मोजतात, तिथे भर दुपारी सावली शोधावी लागते याचा मला राग आला. पाटी वाचायला दोन मिनिटं पुरतात. मी तासभर तिथेच उभी होते.

इथे जे होतं त्याची मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. साधारण ४० बाय ६० फुटांची लाकडी इमारत, महिना ८ डॉलर भाडं. आधी तिथे आफ्रिकन मेथॉडिस्ट मंडळीचं देऊळ होतं, नंतर खालच्या मजल्यावर घोडे बांधत आणि सामान ठेवत. विल्यम सीमोर आणि त्यांच्या माणसांनी तो मजला झाडला, जमिनीवर लाकडाचा भुसा पसरला, खिळ्यांच्या रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून बाकं केली. प्रवचनाचं मेज, पुलपिट, म्हणजे बुटांच्या दोन रिकाम्या लाकडी पेट्या, एकावर एक. व्यासपीठ नव्हतं, त्यामुळे बोलणारा आणि ऐकणारा एकाच पातळीवर. अर्पणाची थाळी फिरत नसे, दाराजवळ पेटी असे. सकाळी दहाला सुरू झालेली सभा दुपारच्या सभेत मिसळे आणि ती रात्रीच्या.

सीमोर यांचा जन्म १८७० साली लुईझियानात झाला. आईवडील पूर्वी गुलामीत होते. देवीच्या रोगात सीमोर यांचा एक डोळा गेला. ह्यूस्टनला ते बायबलच्या वर्गाला जात, पण वर्णभेदाच्या नियमांमुळे त्यांना वर्गाबाहेर बसून उघड्या दारातून शिकावं लागे. फेब्रुवारी १९०६ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. ज्या मंडळीने बोलावलं होतं तिनेच काही दिवसांत दाराला कुलूप लावलं, कारण पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण म्हणजे अन्य भाषा, न शिकलेल्या भाषेत आपोआप बोलणं, ही सीमोर यांची शिकवण तिला पटली नाही. मग बॉनी ब्रे स्ट्रीटवरच्या एका घरात प्रार्थना सुरू झाल्या. ९ एप्रिलला तिथे अन्य भाषा उमटल्या आणि रस्त्यावर इतकी गर्दी झाली की तिच्या भाराने पुढचा ओटा खचला. ते घर अजून उभं आहे. आधी वेळ ठरवून गेलं तर आतून बघता येतं.

हे सगळं आपल्याकडच्या पाळकांच्या प्रवचनांत येतं. येत नाही ते यादीचं प्रकरण, आणि माझ्या मते सुवार्तेचं काम करणाऱ्याने आधी तेच समजून घ्यावं.

सप्टेंबर १९०६ मध्ये अझुसातून ‘द अपोस्टॉलिक फेथ’ नावाचं पत्र निघालं. पहिला अंक ५,००० प्रतींचा, फुकट. वर्षभरात प्रती ४०,०००पर्यंत गेल्या. ज्याला अंक मिळे तो पत्र लिही, त्याची साक्ष पुढच्या अंकात छापून येई आणि ती वाचून तिसऱ्या गावात प्रार्थनागट उभा राही. सीमोर यांनी न पाहिलेल्या गावांतही त्यांचं काम असं पोचलं. १९०८ मध्ये पत्र सांभाळणाऱ्या क्लारा लम ओरेगनमधल्या पोर्टलंडला, तिथे वेगळं काम उभारणाऱ्या फ्लॉरेन्स क्रॉफर्ड यांच्याकडे गेल्या. त्यांच्याबरोबर पत्र गेलं आणि बाहेरगावच्या पत्त्यांच्या याद्याही गेल्या. त्यावर हक्क कुणाचा, हा वाद आजही घातला जातो. परिणाम मात्र मोठा झाला. सीमोर यांच्याकडे बाहेरगावी हाक मारायला नावंच उरली नाहीत. मंडळी आटत आटत मूठभर झाली, आणि १९२२ मध्ये ते वारले तेव्हा ज्या चळवळीला त्यांनी जन्म दिला तिच्यातल्या बहुतेकांना ते आठवतही नव्हते. एव्हरग्रीन दफनभूमीत त्यांच्या दगडावर ‘आमचे पाळक’ एवढंच कोरलंय.

पत्त्याच्या बळाचा आपल्याकडचाही पुरावा आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलींमध्ये संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, आलं ते जून १९०५ मध्ये, म्हणजे अझुसाच्याही आधी. तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूवर यांना, टपालाने पाठवली. १९०९ मध्ये चिलीत जी पेन्टेकॉस्टल चळवळ सुरू झाली तिच्या मुळाशी हे टपाल आहे. पुणे-दौंड मार्गावरच्या एका स्टेशनातून वाल्परायसोपर्यंत, एका ओळखीच्या पत्त्यावर.

लॉस एंजेलिसचे बाकीचे दोन दिवस रहदारीत गेले. तिसऱ्या दिवशी मेम्फिस.

मेम्फिस हे चर्च ऑफ गॉड इन क्राइस्टचं मुख्य ठाणं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची ही सर्वांत मोठी पेन्टेकॉस्टल संघटना. संस्थापक चार्ल्स मेसन १९०७ मध्ये अझुसाला गेले, पाचेक आठवडे राहिले आणि परत आल्यावर त्यांनी संघटना नव्याने बांधली. वार्षिक अधिवेशन त्यांनी २५ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर असं ठेवलं, कारण तोवर कापूस विकून झालेला असे आणि शेतमजुरांच्या हातात प्रवासाचे पैसे व सवड दोन्ही असत. मेसन टेम्पलमध्ये त्यांची कबर आहे. याच सभागृहात ३ एप्रिल १९६८च्या वादळी रात्री मार्टिन लूथर किंग संपकरी सफाई कामगारांपुढे अखेरचं भाषण बोलले.

पण ही संघटना वाढली ती बायकांमुळे. त्यांच्याकडे एक शब्द आहे, ‘डिग आउट’, म्हणजे मंडळी खणून काढणं. बाई एकटी किंवा जोडीने शिकागोसारख्या शहरात जाई, रस्त्याच्या कोपऱ्यावर गाई, घरोघरी बायबलचा वर्ग घेई, एखादं रिकामं दुकान भाड्याने घेई. वीस-तीस माणसं टिकली की मेम्फिसला कळवी, आणि मग तिथून पुरुष पाळक येई. दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत गेले त्या काळात अशा दुकानातल्या मंडळ्या गल्लोगल्ली उभ्या राहिल्या. विहीर खणणारीला काठावर बसवायचं, हा अन्याय आहे असं मला वाटतं. अधिकृत नियमात स्त्रीला एल्डर, म्हणजे दीक्षित पाळक, म्हणून दीक्षा नाही. पण ज्या बायकांना मंडळी ‘मदर’ म्हणते त्यांच्या शब्दापुढे पाळकही जात नाहीत, हे डोळ्यांनी पाहिलं.

शहराच्या दक्षिणेकडे अशीच एक दुकानातली मंडळी आहे. शंभरेक खुर्च्या, एक हॅमंड ऑर्गन, ड्रम. तिथल्या शनिवारच्या कामात मला उभं राहू दिलं, आणि ज्या कारणाने हे सगळं लिहायला बसले ते तिथेच आहे.

जागा कधीच बदलत नाही. बसथांबा आणि कपडे धुण्याचं लॉन्ड्रोमॅट यांच्या मधला कोपरा, दर शनिवारी अकरा ते दोन. कपडे मशीनमध्ये फिरत असतात तेव्हा माणसाकडे अर्धा तास रिकामा असतो. बसथांब्यावरचा माणूस मात्र अर्ध्या वाक्यात निघून जातो, म्हणून त्याच्याशी लांबण लावायची नाही, हातात फक्त उपासनेच्या वेळापत्रकाचा कागद द्यायचा. दारूच्या दुकानासमोर उभं राहायचं नाही. या मंडळीच्या मदर म्हणाल्या, “बाळा, तिथे माणसाला आधी लाज वाटते. लाजलेला माणूस ‘हो’ म्हणतो आणि परत दिसत नाही.”

कर्णा नाही. पूर्वी होता. परवान्याची कटकट होतीच, पण खरं कारण वेगळं: कर्ण्यामुळे ऐकणारे लांब उभे राहतात आणि लांबच्या माणसाचं नाव विचारता येत नाही. आता दोन डफल्या आणि एक गिटार.

आधी जेवण. तळलेला कॅटफिश, त्याच्या बाजूला स्पॅगेटी, कोबीचं कोशिंबिरीसारखं स्लॉ आणि पांढऱ्या पावाची चकती. मासा आणि स्पॅगेटी एका ताटात, ही तिकडच्या कृष्णवर्णीय घरांची जुनी जोडी आहे. १२० ताटांना ४० पौंड तुकडे, १० पौंड मक्याचं पीठ, १२ पौंड सुकी स्पॅगेटी. मासा कागदाने टिपून कोरडा करायचा, पिवळ्या मस्टर्डचा पातळ हात फिरवायचा, मग मीठ-मिरी-लाल तिखट घातलेल्या पिठात घोळवायचा. मस्टर्ड जाड लागला तर पीठ गळून तेलात जळतं आणि पुढचे सगळे घाणे कडवट होतात. तेल ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १७५ सेल्सियसच्या आसपास. एका वेळी सहा-सात तुकडे, जास्त नाही. रांग वाढली की तरुण मुलं घाईने दहा-बारा सोडतात, तेल थंड पडतं आणि मासा तेल पितो. तळलेला तुकडा जाळीवर ठेवायचा. फॉइलमध्ये झाकला की वाफेने मऊ पडतो. महिन्याचा शेवटचा शनिवार असेल तर तुकडे दीडपट आणायचे, कारण तोवर घरोघरची सरकारी अन्नमदत संपलेली असते.

ताटाच्या बदल्यात काहीही मागायचं नाही. प्रार्थना नाही, नाव नाही, सहीसुद्धा नाही. ताट देणारी बाई आणि नाव लिहिणारी बाई वेगवेगळ्या टेबलांवर, मध्ये आठ-दहा पावलं. आपल्याकडे या कामावर आमिषाचा आरोप होतो. त्याला भाषणाने उत्तर देण्यापेक्षा ही दहा पावलं मोजून ठेवावीत असं मला मनापासून वाटतं. ज्याला हवं तो ती चालून येतो. १२० ताटांमागे त्या दिवशी अकरा माणसं आली, आणि मदरना ती भरपूर वाटली.

दुसऱ्या टेबलावर जोडीनेच बसतात. एक बोलते, दुसरी गप्प राहून मनात प्रार्थना करते आणि लिहिते. बाईशी बाई बोलणार, पुरुषाशी पुरुष. कार्ड माणसाच्या हातात देत नाहीत, स्वतः लिहितात, कारण लिहिताना अडणारा माणूस घाईचं निमित्त सांगून निघून जातो. पुढच्या बाजूला नाव, फोन, फोन करायची योग्य वेळ, आणि निरोप ठेवला तर चालेल का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: घरात मारझोड होत असेल तर चर्चचा निरोप कुणाच्या कानावर जाईल सांगता येत नाही. मागच्या बाजूला प्रार्थनेचा विषय, तोही त्याच्याच शब्दांत. ती बाजू फक्त मदर वाचतात. पुढच्या बाजूलाच आणखी एक दुसरा नंबर, आजीचा किंवा मावशीचा. स्वस्तातले प्रीपेड फोन पैसे संपले की बंद पडतात, पण आजीचा नंबर वीस वर्षं तोच असतो.

कार्डं बुटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जातात. ते खोकं पाहिलं आणि अझुसाच्या पुलपिटाच्या पेट्या आठवल्या. रात्री एक मुलगी सगळी नावं वहीत उतरवते, आणि वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असते. यादी एका माणसाच्या हाती ठेवायची नाही, हा नियम कुणी शिकवला असं विचारलं तर मदर म्हणाल्या, “सीमोरबाबांनी.”

रविवारी व्हॅन. पंधरा आसनांची गाडी, पण फक्त दहा जणांना शब्द देतात, कारण कुणीतरी ऐन वेळी मुलं घेऊन येतंच. आठ वाजता फोन, नऊला दारात. गाडी येते म्हणून सांगितलं आणि आली नाही, तर ते कार्ड गेलंच समजायचं.

उपासना तीन तास चालली. खुर्च्या कडक होत्या, एसी एका कोपऱ्यापुरता. त्याची तक्रार करायला तोंड नाही, कारण पांढऱ्या गणवेशातल्या नर्सेस-युनिटच्या बायका अडीच तास उभ्या राहून दुसऱ्यांना पंख्याने वारा घालत होत्या. शेवटी वेदीपाशी चार माणसं आली, आणि मग ‘टॅरिइंग’ सुरू झालं. लूक २४:४९ मध्ये वरून सामर्थ्य मिळेपर्यंत थांबा म्हटलंय, त्यावरून हे थांबणं. आधी खुर्च्या मागे सरकवतात, चष्मे काढून घेतात, कुणी पडलं तर झेलायला मागे दोघं उभे राहतात, बायकांच्या गुडघ्यांवर टाकायला कापडं तयार असतात. मग प्रत्येकाशेजारी एक मदर गुडघे टेकते आणि हलक्या आवाजात ‘येशू, येशू’ म्हणत राहते. खांदा धरून हलवायचं नाही, कानात ओरडायचं नाही, शब्द तोंडात घालून ‘म्हण’ म्हणायचं नाही. असं केलं की माणूस सुटका व्हावी म्हणून काहीतरी पुटपुटतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. आपल्याकडच्या संजीवन सभांत पाच मिनिटांत डोक्यावर हात ठेवून पुढच्या माणसाकडे जाणारे पाहिलेत, तेव्हाही पटलं नव्हतं. इथे एका तरुणाशेजारी एक सत्तरीची बाई पाऊण तास गुडघ्यांवर होती. त्याला अन्य भाषा आल्या नाहीत. ती उठली, त्याला पाणी दिलं, म्हणाली, “उद्या परत थांबू. मी आहे.”

मंगळवारी संध्याकाळी मागच्या खोलीत खोकं उघडलं. अकरा कार्डं, तीन बायका, दोन फोन. पहिल्या चौघांनी उचलला. पाचवा नंबर बंद होता. मदरनी कार्ड उलटं न करता डोळ्यांपासून लांब धरलं, दुसरा नंबर वाचला आणि लावला. पलीकडे आजी होती. नातू कामावर गेलाय, म्हणाली, आणि मग स्वतःच्याच गुडघ्याबद्दल बोलायला लागली. वीस मिनिटं मदर ऐकत होत्या. फोन ठेवून त्यांनी खोक्यातून एक कोरं कार्ड काढलं आणि त्यावर आजीचं नाव लिहिलं.