मुंगसाचं तोंड

परांचीवर चढलं की पहिलं काम म्हणजे लाकडी मोगरीने दगड ठोकत जाणं. खणखणीत वाजला तर धडधाकट, भद्द वाजला तर आतून सुटलेला. मुंबईच्या फोर्टातल्या, आम्ही दुरुस्तीला घेतलेल्या 1880च्या दशकातल्या त्या इमारतीवर त्या दिवशी भद्दच जास्त ऐकू येत होतं. मालाडचा पिवळसर दगड ठणठणीत होता, दुखणं होतं पोरबंदरी दगडाच्या नक्षीला. आधीच्या कुणा कंत्राटदाराने सांधे सिमेंटने भरले होते. पोरबंदरी चुनखडक मऊ, पाणी पितो आणि चुन्याच्या सांध्यातून सोडतो. सांधा सिमेंटचा केला की ओल दगडातून वाट काढते, मागे राहिलेल्या क्षारांचे स्फटिक फुगतात आणि पोपडे सुटतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी टेंडर सगळ्यात स्वस्ताला जातं, कारण चुना मुरवायचे आणि ओली पोती लावून ठेवायचे दिवस कुणी हिशेबात धरत नाही.

सांधा मोकळा करताना खांबाच्या माथ्यावरच्या पानांतल्या मुंगसाचं तोंड सिमेंटसकट निखळून आमच्या पाथरवट मामांच्या हातात आलं. मालकांचा माणूस म्हणाला, "चिकटवा आणि रंग मारा." त्याला उत्तर दिलं नाही. खरा वाद मामांशी झाला, त्यांना तोंड हुबेहूब नव्याने कोरायचं होतं.

संवर्धनाचा नियम असा की नवं काम जवळून नवं ओळखू यावं. मामा म्हणाले, "मग काय, मुद्दाम वाईट कोरू?"

इथे मला व्हीटी, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आठवते. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, काम 1878 ते 1888. पण त्यातली पानं, मोर, माकडं कोरली जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी, तिथल्या जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली. समोरच्या महापालिका इमारतीवरही (1893) नाव स्टीव्हन्सचंच सांगतात. कोरणाऱ्यांची नावं गाईडला विचारा, तो पुढच्या कमानीकडे वळतो. आमच्या इमारतीच्या कागदांत तर शिल्पकाराचा उल्लेखही नाही. म्हणजे ज्याच्या हाताचा मान राखायचा म्हणून मी मामांना अडवते, त्याला विचारण्याची सोय नाही, आणि त्याच्या हातासारखा हात समोर उभा आहे.

शेवटी ठरलं ते असं: त्याच जातीचा तुकडा बसवायचा, आकार मोघम ठेवायचा, मागच्या बाजूला साल कोरायचं. मामांनी मोघम म्हणून जे केलं, त्याला मिशा आहेत. हेरिटेज समितीसमोर फोटो जातील तेव्हा मी काय म्हणणार, ते अजून ठरलेलं नाही.