आमची वाटचाल: भांड्यांवरच्या नावांपासून दुनळीवरच्या गुलाबांपर्यंत

आबांनी १९७४ ला कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात दुकान टाकलं तेव्हा काम एकच होतं, भांड्यांवर नावं घालायची. लग्नसराईत रात्री अकरापर्यंत टकटक चालू, कुणाच्या तांब्यावर आत्याकडून सप्रेम भेट, कुणाच्या डब्यावर नाव गाव तारीख, आणि आबा पेन्सिलनं काही न आखता थेट टाकी लावायचे. मी नववीपासून शेजारी बसायला लागलो. पुढं इलेक्ट्रिक पेन आलं, मग कॉम्प्युटरची मशीन आली, आणि पाच मिनिटात पन्नास ताटांवर नाव पडायला लागलं. आमचं निम्मं गिऱ्हाईक तेव्हाच गेलं. आज आम्ही जुन्या दुनळी बंदुकांवरच्या नक्षीचं काम करतो. लोक विचारतात हे कुठून सुचलं, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय.

सुरुवात एका स्क्रूनं झाली. ओळखीत एक लायसन्सवाले बंदूक दुरुस्तीवाले होते, आम्ही त्यांना मिस्त्रीमामा म्हणायचो. १९९३ ला ते म्हणाले, "बाळा, एका जुन्या विलायती बंदुकीचा स्क्रू हरवलाय, नवीन मी लेथवर करून घेतलाय पण डोकं कोरं दिसतंय, येऊन जरा नक्षी मारून दे." मला वाटलं दहा मिनिटाचं काम. मामांच्या दुकानात भिंग लावून ती बंदूक बघितली आणि मी गप्पच झालो. लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पोलादी पट्टीवर करंगळीच्या नखाएवढे गुलाबांचे गुच्छ, आणि त्यांच्याभोवती एकात एक गुंडाळलेल्या बारीक वेली, इतक्या बारीक की हातभर लांबून नुसती राखाडी झळाळी दिसते. आमच्या हातात चांदीकामाची सवय, वेल काढायला गेलो की शेवटी आपोआप कोयरी होते. इंग्लिश वेल तशी नाही. तिचा कणा आधी गोल गुंडाळत मध्यापर्यंत न्यायचा, मग आतली प्रत्येक पाकळी एकाच फटक्यात, मध्याकडं वळलेली. टाकी परत त्याच रेघेतून फिरवली की चमक जाते. त्या एका स्क्रूला मला चार दिवस लागले, आधी तांब्याच्या पत्र्यावर तीसेक वेळा काढून बघितला. आणखी एक गोष्ट मामांनी तेव्हाच दाखवली, चांगल्या इंग्लिश बंदुकीत स्क्रू पूर्ण आवळला की त्याची खाच बरोबर नळीच्या रेषेत येते, आणि डोक्यावरची नक्षी शेजारच्या नक्षीला जुळते. म्हणजे नक्षी स्क्रू बसवून मग कोरलेली.

या कामाला रोझ अँड स्क्रोल म्हणतात. लंडनच्या पर्डी कंपनीची (१८१४ पासूनची) ही ओळखच, आणि तिकडं ती बसवण्यात एकोणिसाव्या शतकातल्या जेम्स लुकास नावाच्या कारागिराचा मोठा हात. हॉलंड अँड हॉलंडच्या 'रॉयल' बंदुकीवर वेगळं असतं, पानं मोठी, ठसठशीत, मागची जमीन खाली कोरून काढलेली, लांबूनही वेल वाचता येते. मला स्वतःला पर्डीची बारीक वेल जास्त आवडते कारण ती मिरवत नाही, पण हातात घेणाऱ्यावर ठसा रॉयलचाच पडतो हे मान्य करावं लागतं. नक्षी नुसती शोभेची नाही हेही हळूहळू कळत गेलं. कोऱ्या घासलेल्या पोलादावरून ऊन चमकतं, नक्षीनं ती चमक मोडते, खोबणीत तेल टिकतं, आणि दोन भागांचा सांधा वेलीत झाकून जातो.

आता चूक सांगतो, कारण आमचा धंदा त्या चुकीवरच उभा आहे. १९९६ ला मामांकडं एक बॉक्सलॉक दुनळी आली होती, म्हणजे जिची सगळी यंत्रणा एका पेटीसारख्या भागात बसवलेली असते. बॉक्सलॉकची रचना बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या अँसन आणि डीली या दोघांची, १८७५ ची. त्यात बाजूच्या मोठ्या पट्ट्या नसतात म्हणून नक्षीला जागा कमी. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या व्यापाऱ्याचं नाव होतं. अशा खूप सापडतात, माल बर्मिंगहॅमचा आणि नाव रॉडा कलकत्ता. मालक म्हातारे गृहस्थ, म्हणाले जरा स्वच्छ करा. मी बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावला. मला वाटलेलं काळे निळे डाग म्हणजे गंज चढायला लागलाय, चकाचक करून दिली. मामा संध्याकाळी आले, बंदूक बघितली आणि खालीच बसले. ते डाग म्हणजे केस हार्डनिंगचे रंग होते. नक्षी कोरून झाली की लोखंडाचा भाग हाडाच्या आणि लाकडाच्या कोळशात पेटीबंद करून लालभडक तापवतात आणि पाण्यात सोडतात, वरचा पापुद्रा काचेसारखा कडक होतो आणि पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे निळे तपकिरी पिवळसर ढग उमटतात. शंभर वर्षं टिकलेले ढग मी अर्ध्या तासात घालवले, आणि त्याबरोबर वेलींच्या कडाही. मालक काहीच बोलले नाहीत, पैसे देऊन गेले. ते पैसे मला अजून आठवतात.

ते परत आणायचं म्हटलं तर काय करावं लागतं तेही मग शिकलो. कडक पापुद्र्यावर टाकी चालतच नाही, नुसती घसरते. आधी भाग तापवून मऊ करायचा, मग कोरायचा, मग परत हार्डनिंग, आणि त्यात पातळ भाग वाकायची भीती. म्हणून आमचा नियम झाला: जुन्या नक्षीवर टाकी लावायची नाही. नवीन पार्ट बसला, स्क्रू बदलला, तर तेवढाच जुळवून द्यायचा. बाकी फक्त टिपून ठेवायचं. या नियमानं आम्ही किती काम परत पाठवलं असेल, एकानं तर बंदुकीवरच्या एका रिकाम्या जागेत वाघ कोरून द्या म्हणून दुप्पट पैसे देऊ केले होते. ती जागा रिकामी नव्हतीच, त्या कारागिरानं तिथं मुद्दाम कोरं पोलाद सोडलं होतं.

२०१९ ला आर्म्स ॲक्टमध्ये बदल झाला, एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच हत्यारं. आपल्याकडं इतकी संस्थानं होती, कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, औंध, फलटण, जुन्या घरांत आजोबांच्या दुनळ्या असतातच. एक कमी करायची वेळ आली तेव्हा काही लोक मामांच्या मुलाकडं येऊन म्हणाले, बंदूक जाईल पण तिच्यावरचं काम कुठंतरी राहू दे. तिथून आमचं आजचं मुख्य काम सुरू झालं. बंदूक आमच्या दुकानात कधीच येत नाही, आम्हीच लायसन्सवाल्यांच्या जागेत जाऊन बसतो. बाजूनं तिरपा लाईट टाकून फोटो काढायचे, मग खोबणीत काळी शाई भरायची, वरची पुसायची आणि पारदर्शक टेपवर ठसा उचलायचा. हा ठसा फोटोपेक्षा खरं बोलतो. हातानं कोरलेली रेघ मध्ये जाड आणि टोकाला सुईसारखी निघते. ॲसिडनं खाल्लेली रेघ सगळीकडं सारखीच, तिचा तळ खरबरीत. बाजारात ॲसिडचं काम हाताचं म्हणून सांगतात, टेप लावली की पाच मिनिटात कळतं. वयाचाही अंदाज लागतो, म्हणजे नक्षीवरून नाही तर नळीची चाचणी झाल्यावर मारलेल्या शिक्क्यांवरून. नळीखाली 'नॉट फॉर बॉल' (या नळीतून एकसंध गोळी उडवू नये) दिसलं तर इंग्लंडात ते १८७५ ते १८८७ याच काळात मारत होते.

ठशांच्या वह्या वाढल्या तसं दुसऱ्या देशांचं कामही ओळखायला आलं. जर्मन काम माझ्यासमोर दोनदाच आलंय, जर्मनीतल्या सुल गावाकडचं, ओकची पानं आणि हरणं अशी उठावदार की बोट फिरवलं तर लागतात. बेल्जियमच्या लीजचा माल मात्र सगळ्या दर्जाचा येतो, कधी नुसती कडेला रेघ आणि कोपऱ्यात फूल, कधी इंग्लिशच्या तोडीस तोड. आणि इटलीतल्या गार्दोने गावाकडचं बुलिनो, ते मी फोटोतच बघितलंय. त्यात हातोडी नाही, तळहातानं कलम ढकलत हजारो ठिपके आणि केसासारख्या रेघा, पक्ष्याचं पीस न पीस दिसतं. तिकडच्या फिरमो फ्राकासी या कारागिराचं काम भिंगाखाली बघितलं तर पोलाद आहे हे विसरायला होतं. पण माझं मन परत इंग्लिश वेलीकडंच जातं. लंडनच्या हॅरी केलच्या हाताखाली शिकलेल्या केन हंटनं सोन्याच्या जडावाचं जे काम केलं ते जगभर गाजलं, पण त्याच्या आधीच्या बहुतेक इंग्लिश कारागिरांनी कामावर स्वतःचं नाव घातलंच नाही. आबांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं घातली आणि स्वतःचं एकाही भांड्यावर नाही, म्हणून मला ते जास्त लागतं कदाचित.

आता दुकानात मी, माझी मुलगी आणि एक हुपरीचा मुलगा आहे, चांदीकामातला. मुलगी एअर ग्रेव्हर, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी टाकी, वापरते, मी अजून हातोडीच. वह्यांमधल्या वेली आम्ही कड्यांवर, सुऱ्यांच्या मुठींवर, पितळी डब्यांवर कोरून विकतो, घर त्यावर चालतं. ठशांचं काम महिन्याला दोन तीनच येतं. ते आलं की बाकी सगळं बाजूला.

कुणाकडं अशी बंदूक असेल तर आधी फोटो पाठवा, खिडकीजवळ धरून, ऊन अंगावर न घेता. आणि फोटोच्या आधी ती पुसू नका, ब्रासो तर अजिबात लावू नका. काळी दिसली तर काळीच राहू दे, खोबणीतला तो काळेपणाच आम्हाला वाचायचा असतो.