सोळा वर्षांच्या सिव्हिकच्या गिअरबॉक्सचे ऑइल

डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्लच दाबणे जमेना, म्हणून मी २००८ सालची होंडा सिव्हिक ऑटोमॅटिक विकत घेतली. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे १ लाख १२ हजार किलोमीटर झाले होते. आधीच्या मालकाने इंजिन ऑइलच्या सगळ्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, पण गिअरबॉक्सच्या ऑइलची त्यांत एकही नव्हती.

पहिल्या वर्षभरात दोन गोष्टी जाणवू लागल्या. सकाळी थंड गाडी रिव्हर्समध्ये टाकली की क्षणभर काहीच होत नसे आणि मग एक हलका धक्का बसे. शिवाय ताशी चाळीस-पन्नासच्या आसपास एकसारख्या वेगात, ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका असताना, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून जावे तशी थरथर होई. रस्ता मात्र गुळगुळीत असे. इंजिनाची शक्ती ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या आत, दोघांना थेट जोडणारा एक लॉक-अप क्लच असतो आणि तो याच वेगात धरू-सोडू लागतो. तो किती मऊपणे धरतो हे ऑइलमधील रसायनांवर अवलंबून असते, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने नेमकी तीच रसायने निकामी होतात. साध्या गिअरबॉक्समध्ये ऑइलचे मुख्य काम वंगणाचे असते. ऑटोमॅटिकमध्ये तेच ऑइल दाब पोहोचवते, उष्णता वाहून नेते आणि क्लचच्या पट्ट्यांची पकडही ठरवते.

मी दोन गॅरेजमध्ये चौकशी केली. एका ठिकाणी सांगितले की हे ऑइल गाडीच्या आयुष्यभरासाठी असते. दुसऱ्या ठिकाणचे उत्तर असे : "साहेब, एवढ्या जुन्या गाडीच्या ऑइलला हात लावू नका, गिअरबॉक्स बसेल." हे दुसरे मत मी अनेकांकडून ऐकले आहे आणि ते अगदीच निराधार नाही. क्लचच्या पट्ट्या आधीच झिजलेल्या असल्या, तर त्या झिजेचा भुगा मिसळलेल्या जुन्या ऑइलवर त्या कशाबशा तग धरून असतात, आणि नवे ऑइल घातल्यावर घसरू लागतात. दोष मात्र नव्या ऑइलला लागतो. यंत्राने दाब देऊन सगळे ऑइल एकदम बदलले, तर साचलेली घाण सुटून बारीक मार्गांत अडकण्याचा धोकाही असतो. म्हणून आपला गिअरबॉक्स त्या अवस्थेला पोहोचला आहे का, हे आधी पाहणे मला आवश्यक वाटले.

या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी आहे, ही मोठीच सोय. पांढऱ्या कागदावर थेंब टिपून पाहिला : रंग गडद तपकिरी, पण जळका वास नाही आणि बोटांना खरखर लागत नाही. गिअरबॉक्समध्ये बिघाड असला की लुकलुकणारा डॅशबोर्डवरचा डीचा दिवा कधी लुकलुकला नव्हता आणि चढावर गिअर घसरत नव्हता. ऑइलची पातळी मात्र खालच्या खुणेच्याही किंचित खाली होती. एवढे पाहिल्यावर ऑइल बदलायचेच, पण टप्प्याटप्प्याने, असे मी ठरवले.

त्यामागचा हिशेब सोपा आहे. खालचा बोल्ट काढल्यावर सुमारे २.४ लिटर ऑइल बाहेर येते. उरलेले टॉर्क कन्व्हर्टर आणि आतल्या मार्गांमध्येच राहते. एकूण ऑइल सहा लिटरच्या आसपास धरले, तर एका वेळी चाळीस टक्के बदलते. मधे गाडी चालवून नवे-जुने मिसळू दिले आणि असे तीनदा केले, तर जुने ऑइल जेमतेम वीस-बावीस टक्के उरते. दुकानदाराने "कुठलेही लाल ऑइल चालते" असे सांगितले, पण ते मी ऐकले नाही. या गिअरबॉक्ससाठी मुळात होंडाचे झेड-वन नावाचे ऑइल होते आणि त्याची जागा आता डीडब्ल्यू-वनने घेतली आहे. मी तेच आठ लिटर घेतले, सोबत ड्रेन बोल्टचे तीन नवे वॉशर.

आमच्या गल्लीतले मिस्त्री त्यांचा रॅम्प वापरू द्यायला आणि स्वतः शेजारी उभे राहायला तयार झाले. पंधरा मिनिटे गाडी फिरवून आणल्यावर, सपाट रॅम्पवर, त्यांनी आधी मला दोन बोल्ट दाखवले. इंजिन ऑइलच्या बोल्टला नेहमीचे षटकोनी डोके असते, तर गिअरबॉक्सच्या बोल्टमध्ये चौकोनी खाच असते, आणि तिच्यात तीन-अष्टमांश इंची रॅचेट सॉकेटशिवायच बसते. इंजिन ऑइल बदलताना चुकून हाच बोल्ट उघडला जातो, मग गिअरबॉक्स रिकामा आणि इंजिनात दुप्पट ऑइल, अशी गाडी त्यांच्याकडे एकदा आली होती. हे ऐकल्यावर मी रॅचेट लावण्यापूर्वी त्यांना पुन्हा एकदा विचारून घेतले.

बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी मलमासारखा बारीक थर होता, धातूचा एकही कण किंवा कपची नव्हती. तो क्षण माझ्यासाठी सर्वांत मोठ्या दिलाशाचा होता. निघालेले ऑइल मी लिटरच्या बाटल्यांत मोजले : २.१ लिटर. पातळी आधीच कमी होती याचा हा पुरावाच. नवा वॉशर घालून बोल्ट ४९ न्यूटन-मीटरला आवळला आणि लांब, निमुळत्या नरसाळ्याने डिपस्टिकच्याच भोकातून २.४ लिटर नवे ऑइल सावकाश ओतले. मग ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबत लिव्हर फिरवला.

दुसऱ्या फेरीत, तीनशे किलोमीटरनंतर, माझी चूक झाली. पातळी मोजण्यासाठी इंजिन पूर्ण गरम करून बंद करायचे आणि साठ ते नव्वद सेकंदांच्या आतच पट्टी काढायची असते. मी फोनवर बोलत राहिलो आणि दहा मिनिटांनी पाहिले. तोवर वरचे ऑइल खाली उतरलेले असल्याने पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसली. घाईने मी सिरिंज आणि बारीक नळीने पाव लिटर काढून टाकले. दुसऱ्या दिवशी नीट मोजल्यावर ते पुन्हा घालावे लागले. तेव्हापासून घड्याळ हातात धरल्याशिवाय मी ती पट्टी काढत नाही.

तिसरी फेरी आणखी चारशे किलोमीटरनंतर केली. या वेळी बाहेर आलेले ऑइल पातळ चहाच्या रंगाचे होते, आणि चुंबकावरचा थर बोटाला जेमतेम लागला. जुने ऑइल तिन्ही वेळा मिस्त्रींच्या पिंपात जमा केले. ते पिंप पुनर्प्रक्रियेसाठी नेले जाते.

थरथर दुसऱ्या फेरीनंतर निम्म्यावर आली होती, तिसरीनंतर पूर्ण थांबली. परवा खंबाटकी घाट चढताना गिअर बदललेले केवळ इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या काट्यावरून कळत होते. थंड सकाळी रिव्हर्सचा धक्का मात्र अजून कधीतरी बसतो. आधीपेक्षा सौम्य असला तरी तो आहे. त्याचे कारण कदाचित इंजिनाच्या माउंटिंगमध्ये, म्हणजे ते ज्या आधारांवर बसवलेले असते त्यांत असेल, असे मिस्त्री म्हणतात, आणि पुढच्या महिन्यात ते तपासायचे ठरले आहे.