श्रीखंडाच्या डब्याचं झाकण

फोर्टमधल्या एका जुन्या ऑफिसची लॉबी शूट करायची होती, टेक्निकल कॅमेरा (ह्यात लेन्स किंवा बॅक बाजूला सरकवता येते), मागे सेन्सरवाली डिजिटल बॅक आणि पुढे 35 एमएमची लेन्स. ह्या लेन्सचं मागचं भिंग सेन्सरला इतकं खेटून असतं की कडेला प्रकाश फारच तिरका पडतो, त्यात 10 एमएम शिफ्ट केलं, म्हणजे बाजूला सरकवलं, की एक बाजू हिरवट आणि दुसरी गुलाबी. म्हणून प्रत्येक सेटिंगला लेन्सवर दुधी अ‍ॅक्रिलिकची प्लेट चिकटवून धरायची आणि एक कोरा शॉट घ्यायचा, त्याला म्हणतात एलसीसी. कॅप्चर वन हे सॉफ्टवेअर त्यावरून रंग आणि कोपऱ्यातला अंधार दोन्ही सरळ करतं.

प्लेट मी घरी विसरलो, मीच. असिस्टंट पोराने जेवणाचा डबा उघडला आणि श्रीखंडाच्या डब्याचं झाकण पुढे केलं, "सर, पांढरंच आहे की!" आणि मी ते धरलं.

एक्सपोजर मात्र नीट केलं हो. प्लेट दोनेक स्टॉप खाते, म्हणजे प्रकाश पावपटीवर येतो, म्हणून भलेभले अ‍ॅपर्चर उघडतात, आणि तिथेच माती खातात कारण अ‍ॅपर्चर बदललं की कोपऱ्यांचा अंधारही बदलतो. फक्त शटरची वेळ वाढवायची, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मधोमध किंवा जरा उजवीकडे, लाल-हिरवा-निळा ह्यांतला एकही चॅनल फुटता, म्हणजे पार पांढरा होता कामा नये.

रात्री फाइल उघडली तर पांढऱ्या छतावर फिकट गोल वळं. एफ 11 ला ह्या लेन्सचं छिद्र जेमतेम 3 एमएम, मग काचेला टेकलेल्या झाकणाची मधली गाठ आणि कडेचं वळंसुद्धा पुसट उमटणारच, आणि सॉफ्टवेअर ते इमानदारीत उलटं करून छतावर छापणार. शिवाय खिडकी एका बाजूला, पिवळे दिवे दुसऱ्या बाजूला, म्हणजे झाकणावरचा उजेडही दोन रंगांचा.

वाचवलं त्याच पोराच्या वहीने. अ‍ॅपर्चर, फोकस, शिफ्ट, सगळं टिपलेलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गच्चीवर सावलीत प्लेट लावून सगळे एलसीसी परत घेतले, धूळ काढायचा पर्याय बंद ठेवून, कारण सेन्सरवरची धूळ रात्रीत जागा बदलते. फक्त एका फ्रेमला नुसतं "उजवीकडे 10". लेन्स उजवीकडे की बॅक? तो म्हणतो लेन्स, मला आठवतं बॅक. दोन्ही करून पाहिलं, एकात डावी भिंत पिस्त्याच्या रंगाची, दुसऱ्यात पांढरी. पांढरीच दिली. क्लायंट खूश, बिलही निघालं.

पण परवा त्याच लॉबीतला पोराच्या मोबाईलमधला सेल्फी बघितला, त्यात ती भिंत जरा पिस्ताच दिसतेय.