जिप्सीचा कॅस्टर आणि ‘ऑल ओके’ची पावती

हायवेला गाडी लोळत असेल तर आधी टायरची हवा आणि किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिचे) बेअरिंग तपासा. हे मी शेवटी केलं, तुम्ही पहिल्यांदा करा.

माझी जिप्सी २००८ ची. पुढेमागे पाटेच (कमानी, म्हणजे लीफ स्प्रिंग) आणि टायर थोडे मोठे, म्हणून मडगार्डला घासायचे. मागच्या उन्हाळ्यात चारही पाट्यांना मूळपेक्षा २ इंच लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) लावून घेतले. ते काम एका दुपारीत उरकलं. दुसऱ्या दिवशी एक्सप्रेसवेला लागलो आणि गाडी झिंगल्यासारखी चालू लागली. शेजारून लक्झरी बस गेली की ही एकीकडे ओढली जाणार. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येईना, हाताने ओढून आणावं लागे. खोपोलीपर्यंत खांदे भरून आले.

मग गेलो एका चकाचक अलाइनमेंट सेंटरला. एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी. वीस मिनिटांत पावती आणि कागद हातात, सगळं हिरवं. गाडी तशीच लोळतेय. चार दिवसांनी परत गेलो. पुन्हा टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) मारला, पुन्हा हिरवा कागद, पुन्हा पैसे. या वेळी कागद नीट वाचला तर कॅस्टरच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा. मी विचारलं, हे रीडिंग कुठंय?

“सर, सॉलिड ॲक्सलला कॅस्टरची ॲडजस्टमेंट नसते.”

ॲडजस्टमेंट नसते, कबूल. पण कॅस्टर तर असतो ना! सायकलचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. किंगपिनचंही तेच, वरचं टोक जरा मागे कललेलं हवं. हा कल म्हणजेच कॅस्टर. ते मोजायला चाक २० अंश डावीकडे आणि २० अंश उजवीकडे फिरवायचं, बस. चाकाखाली फिरत्या प्लेटा होत्याच, पण पोराने त्यांच्या पिनासुद्धा काढल्या नव्हत्या. वर मला म्हणतो, “जिप्सी आहे सर, थोडी लोळणारच.”

तिसऱ्या खेपेला मी वेटिंग रूममध्ये बसलोच नाही. पिटाच्या कडेला उभा राहिलो, पिना काढायला लावल्या, रीडिंग घ्यायला लावलं. डावीकडे ०.४ अंश, उजवीकडे ०.६. कंपनीचा आकडा साधारण साडेतीन. आणि त्याच कागदावर खाली शिक्का: ‘ऑल ओके’. तो कागद अजून ग्लव्ह बॉक्समध्ये आहे.

हिशेब घरी बसून पाच मिनिटांत सुटला, हाच राग जास्त. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. पाटा साधारण ३ फुटी धरा. त्याचं पुढचं टोक २ इंच खाली गेलं की पाटा ३ अंशांनी पुढे झुकतो, आणि त्याच्यासोबत ॲक्सलही. गाडी ॲक्सलपाशी उचलली जाते जेमतेम १ इंच. म्हणजे एका इंचासाठी मी जवळजवळ सगळा कॅस्टर घालवला होता.

उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर. अडीच अंशांची, लोखंडीच घ्या, ॲल्युमिनियमची चेपते. हायवेलगतच्या एका कमानवाल्याकडे गेलो, जन्म ट्रकखाली गेलेला माणूस. त्याने पाचरीची जाड बाजू मागे ठेवली. मी म्हटलं, उस्ताद, पुढे हवी ना? “साहेब, तीस वर्षं अशीच टाकतोय.” गप्प बसलो, चूक माझी. यार्डातून दोनशे मीटर गेलो तर गाडी आधीपेक्षा वाईट. ट्रकचा पाटा ॲक्सलच्या वर असतो, जिप्सीचा खाली. त्यामुळे पाचरीची दिशा बरोबर उलटी होते. परत येऊन त्याला वाकून पाटा दाखवला. त्याने डोकं खाजवलं, चहा मागवला आणि एक शब्द न बोलता दोन्ही बाजू फिरवून दिल्या. पैसेही वाढवले नाहीत.

सेंटर बोल्टचं, म्हणजे पाट्याची पानं मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं, सांगायचं राहिलं. त्याचं डोकं पाचरीतून वर येऊन ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसायला हवं. जुन्याचं आखूड पडतं आणि ॲक्सल सरकू शकतो. उंच डोक्याचा आधीच आणून ठेवा. पाटा ॲक्सलच्या वर घेऊन गाडी चार-पाच इंच उचलली असेल तर पाचरीने भागत नाही, नकल (ॲक्सलच्या टोकाचे, चाक वळवणारे सांधे) कापून फिरवून वेल्ड करावे लागतात. तिकडे मी गेलेलो नाही. कॅस्टर वाढला की पिनियनचं नाक (ॲक्सलला शाफ्ट जोडला जातो ते टोक) खाली जातं, त्यामुळे माझ्या गाडीत फोर-हायला (फोर-व्हील ड्राइव्हच्या वेगवान गिअरला) ६० च्या पुढे शाफ्टची बारीक घरघर येते. चालवून घेतोय.

आता रीडिंग ३ अंश. खंबाटकीच्या वळणावर पहिल्यांदा हात सैल सोडले आणि स्टिअरिंग आपणहून मधोमध आलं, तेव्हा बायकोकडे असं बघितलं की जणू ॲक्सल मीच ओतलाय. तिने फक्त पुढे बघ म्हटलं.

पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट ३०० किलोमीटरनंतर परत कसा. माझा उजवीकडचा जागचा हलला नाही, डावीकडचा मात्र अर्धा फेरा फिरला.